मामांच्या गाडीला मागून आवाज

वाऱ्याशी उघड वैर धरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझा मामेसासरा निघाला. शेजाऱ्याशी वैर असणारे आमच्याकडं घरोघर सापडतात. बांधावरून, फणसाच्या फांदीवरून, फार तर भजनात पहिला अभंग कुणी म्हणायचा यावरून तोंड न पाहणारे. पण हा गृहस्थ हेल्मेटची काच वर करून भर रस्त्यात वाऱ्याला शिव्या घालतो. "मेल्या वाऱ्या, नेमको राजा बोलूक लागलो की तुका ऊत येता!" हे वाक्य लाटंबार्शापासून डिचोलीपर्यंतच्या प्रत्येक वळणानं ऐकलेलं आहे. समोरून येणारा स्कूटरवाला बिचारा आपल्यालाच काहीतरी म्हणाले असं समजून थांबतो, मामा मात्र त्याच्याकडं न बघता पुढं निघून जातात, आणि मागं बसलेल्या मामी त्या स्कूटरवाल्याला हातानंच सांगतात, तुम्हांला नाही हो, तुम्हांला नाही.

हे माझ्या बायकोचे मामा. घर डिचोली तालुक्यात लाटंबार्शाला, काजूच्या भाटाला, म्हणजे बागेला लागून, आणि सगळी नोकरी वास्कोच्या बंदरात, क्रेनवर. वास्कोत एक खोली घेऊन राहायचे, शनिवारी संध्याकाळच्या बशीनं घरी यायचे आणि सोमवारी उजाडायच्या आत परत. भाट, शेत, सासूचं आजारपण आणि मुलांच्या शाळा यांचं सगळं मामींनी एकटीनं बघितलं. रविवार म्हणजे मामांनी काजूच्या बागेतून फेरी मारायची, माडाखाली उभं राहून वर बघायचं आणि झोपायचं. असा संसार केलेल्या जोडप्याला निवृत्तीनंतर एका छपराखाली दिवसभर राहायची पाळी आली तेव्हा दोघांचीही पंचाईत झाली. एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती हो! मामा चहा हवा असला तर नातवाला सांगत, "तुज्या आजयेक सांग, कोणाक तरी च्याय होई." मामी मांजराला सांगत, "जाऊन बघ गो, कोणाचे पाय चिखलाचे आसत ते." मांजर दोघांचंही ऐकत नसे.

मग मामांनी ती गाडी आणली. निवृत्त माणसानं चारचाकी घ्यावी, निदान मुकाट्यानं स्कूटर घ्यावी, अशी जगाची रीत. मामांनी आणली लांबच्या प्रवासाची एक धिप्पाड मोटारसायकल. मडगावचा कोणी तरुण परदेशी जायला निघाला होता, त्याची. पुढं भलीमोठी काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, मागच्या सीटला पाठ टेकायला गादी, गादीमागं आणखी एक पेटी, आणि पुढच्या पत्र्यात कंपनीनंच बसवून दिलेले दोन स्पीकर. अंगणात उभी केली तेव्हा शेजारची म्हैस दावं तोडून निघाली होती. "आता तुका फिरवतंय," मामांनी जाहीर केलं. मामींकडं न बघता, माडाकडं बघत. "गोव्यातलां एक देऊळ सोडूचंय नाय." मामींनी मांजराला सांगितलं, "बघया." पण दुसऱ्या दिवशी केसांत अबोलीचा वळेसर माळून त्या सगळ्यांच्या आधी गाडीपाशी उभ्या होत्या.

आता या स्पीकरांवर लोक काय ऐकतात? गाणी ऐकतात. मामा नाटक ऐकतात. पेडण्यापासून डिचोलीपर्यंतच्या जत्रांतून जितकी दशावतारी नाटकं झाली, तितकी सगळी या माणसानं पहिल्या रांगेत बसून, मोबाईल मांडीवर उताणा ठेवून रेकॉर्ड केलेली आहेत. त्यामुळं त्यांत राजा-राणीबरोबर खुर्च्या सरकवल्याचे आवाज आहेत, चणेवाला आहे, कुणाचं तरी रडणारं पोर आहे. एका नाटकात मामांच्या शेजारी बसलेला त्यांचा जुना दोस्त सारखा खोकतो. तो दोस्त आता राहिला नाही. तो खोकला आला की मामा हँडलवरचा उजवा हात काढून कपाळाला लावतात, आणि गाडी तेवढ्यापुरती गटाराकडं झुकते. मी एकदा म्हटलं, मामा, नमस्कार मनातल्या मनात करा. म्हणाले, "तो मनात खोकलो काय?"

नाटकाच्या प्रवेशाप्रमाणं त्यांच्या गाडीचा वेग ठरतो. गणपतीचा प्रवेश बेताच्या चालीनं. राजाचा दरबार लागला की तीसच्या वर काटा जात नाही, कारण तीसच्या वर गेलं की वारा राजाची वाक्यं खातो. नारदमुनी आले तर त्याहून कमी, त्यांचा आवाजच बारीक. पण युद्ध लागलं, पखवाज आणि झांजा कडाडायला लागल्या, की खायला शब्दच नाहीत म्हटल्यावर मामा अशी गाडी सोडतात की समोरचा पोदेर पावांच्या टोपलीसकट रस्त्याकडेला उतरतो. आमच्या त्या रस्त्यावरच्या गाडेवाल्यांना आता इतकी सवय झाली आहे की मामा सावकाश गेले की ते म्हणतात, दरबार चालू आहे; सुसाट गेले की म्हणतात, आज राक्षस मेला.

आणि जे शब्द वारा खाई ते मामी भरून काढीत. हे मला फार उशिरा कळलं. मामींना ती नाटकं लहानपणापासून पाठ. त्यांचे वडील स्वतः जत्रेत सोंग घेऊन उभे राहायचे. मागं बसून, मामांच्या खांद्यावर हनुवटी टेकून, राणीचं वाक्य वाऱ्यात गेलं रे गेलं की मामी ते कानात म्हणत. पण नुसतं राणीचं म्हणून थांबतील त्या मामी कसल्या! "नाथ, या घोर अरण्यात हिंस्र श्वापदं फिरत आहेत, आणि सुनेन गॅस बंद केल्यान की नाय देव जाणे, परंतु मी आपल्या चरणांची दासी, तुमची गोळी घेतलास काय?" असं सगळं एका दमात. मामाही पुढून उत्तर देत. घरात चहा मागायला ज्यांना नातू लागत असे, त्या दोघांची या गाडीवर मात्र डिचोलीपासून पेडण्यापर्यंत अखंड बडबड चालायची. भाटाची, पोरांची, वास्कोच्या खोलीची, मेलेल्यांची, जिवंतांची. माझी बायको म्हणायची, माझ्या मामीचं लग्न त्या गाडीवर झालंय, आधीचं सगळं नुसतं जेवण घातलं होतं.

एवढं सुखात चाललं होतं. पण सुखात राहील तो आमचा मामा कसला? त्यांच्या डोक्यात आलं की गाडीची आवाजाची यंत्रणा बदलावी. की बदलू नये? पुढचे दोन काढून मोठे घालावे, की पुढचे ठेवून मागच्या पेटीत आणखी दोन बसवावे? या प्रश्नानं त्यांना जे पछाडलं त्याला तोड नाही. मुलीचं लग्न ठरवताना या माणसानं फक्त "मुलगो मासे खाता मां?" एवढंच विचारलं होतं. स्पीकरसाठी मात्र त्यांनी दोन तालुके पालथे घातले. भेटेल त्याला विचारायचे, आणि मग तो "पुढचा" की "मागचा" हे लक्षात ठेवायचे. लग्नकार्यात पंगतीत बसले की म्हणायचे, "तो केळीच्या खांबाकडे बसलोसा तो मागचो, समजूतदार माणूस."

मी या शास्त्रातला जाणकार, असं त्यांनीच ठरवून टाकलं. कारण काय, तर मी पेडण्याच्या शाळेत मास्तर आणि एकदा स्नेहसंमेलनात माईक कुंईं कुंईं करायला लागला तेव्हा मी त्याची वायर हलवली आणि तो गप्प झाला. हे मामांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या एका वायरीपायी माझे किती रविवार गेले! एका रविवारी त्यांनी पुढच्या स्पीकरांमागं मामींच्या दोन स्टीलच्या ताटल्या बांधल्या आणि मला चढणीवर उन्हात उभं केलं. "राजाचां वाक्य ऐकाक आयलां की हात वर करा, जावयबापू." मी आपला आज्ञाधारक जावई. राजा ऐकू आला, मी हात वर केला, आणि दोडामार्गाहून येणारी बस माझ्यापुढं करकचून उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "चला, चला, भितर सरा." मी म्हटलं, मला कुठं जायचं नाही, मी नाटक ऐकतोय. त्यानं माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरू शकत नाही, कारण त्याची मुलगी माझ्याच वर्गात आहे.

म्हापशाच्या फिटरकडं आम्ही दोघं गेलो. दुकान कसलं, भूकंपच. त्या पोरानं आम्हांला दाखवायला म्हणून कसलं तरी दणदणीत गाणं लावलं, तर खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. मामा शांतपणे म्हणाले, "माका गाणां नाका. राजा लाव." आणि आपला मोबाईल पुढं केला. गाड्यांना भोंगे बसवायला आलेली चारपाच तरुण पोरं हातातली कोल्डड्रिंकं घेऊन अख्खा दरबार ऐकत उभी राहिली. फिटर म्हणाला, आजोबा, तुमच्या राजाला आवाज पुरे आहे, पण गाडी चालू झाली की वारा समोरून येतो. मागून आवाज दिलात तर कानाला लागेल. शेवटी एका दशावतारी मंडळाच्या माईकवाल्यानंही हेच सांगितलं. मागच्या लोकांना ऐकू येत नाही म्हणून आम्ही मंडपात मागं भोंगा लावतोच की, असं. मंडपात मागं माणसं बसलेली असतात, आणि गाडीवर तुम्ही पुढं बसता, हे मी मामांना समजावायचा प्रयत्न केला. पण त्यांनी मला त्याच क्षणी "पुढच्यां"त टाकून दिलं.

या सगळ्या काळात एकाच माणसाला कुणी विचारलं नव्हतं, आणि ते माणूस रोज मागच्या सीटवर बसत होतं. शेवटी मामींनी आपण होऊनच सांगितलं. आम्ही जेवत होतो. मामींनी वाढता वाढता, मांजराला नव्हे, सरळ मामांना सांगितलं, "मागं भोंगे बसवतलास तर बसवा. पण मगे मागं भोंगेच बसांदेत. मी बसूचंय नाय." मामा हसले. मीही हसलो. माझी बायको हसली नाही. घरी येताना ती म्हणाली, "तुम्हां पुरुषांना काय कळतंय का? तिचं सगळं बोलणं त्या गाडीवर आहे. मागून भोंगा ओरडायला लागला तर तिनं बोलायचं कुठं? परत मांजराशी?" तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. मी मामांना फोन करून हे सांगितलं तर म्हणाले, "हट्! ती मस्करी करता. तिकाच त्रास कमी होतलो. सारखां बोलान बोलान घसो सुकता तिचो."

आणि मग त्यांनी तो प्रश्न देवाकडं नेला. आमच्याकडं लग्न, घर, कोर्टाचा दावा, काहीही अडलं की देवळात प्रसाद घेतात. देवाच्या मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. त्या दिवशी आमच्या आधी एका बाईचं मुलीच्या स्थळाचं गाऱ्हाणं झालं होतं, आमच्यामागं जमिनीच्या वाटणीवाले दोघे भाऊ उभे होते. मधे आमचे मामा, मोटारसायकलचं चित्र असलेला कागद घेऊन! भटजींनी तो कागद उलटासुलटा करून बघितला, मामांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी खांबाकडं बघितलं. मग त्यांनी गळा साफ करून सुरुवात केली: "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान मोटरसायकल घेतलेली आसा म्हाराजा, आणि तिच्यार नाटकां वाजवता म्हाराजा, तर तिका मागल्या अंगान भोंगे बसवचे काय नाय, ता तू उजवां-डावां करून दाखय रे म्हाराजा!" मागचे दोघे भाऊ, जे एकमेकांशी बोलत नव्हते, ते एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आम्ही वाट बघत बसलो. वाटणीवाल्यांनाही आता आपल्या जमिनीपेक्षा मामांच्या भोंग्यांची काळजी लागली होती. आणि पाकळी पडली. उजवी!

मामींपुढं आता बोलायला जागाच उरली नाही. नवऱ्याच्या विरुद्ध त्या सहज गेल्या असत्या, देवाच्या विरुद्ध कशा जाणार? "देवान दिल्यान म्हणजे दिल्यान," एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी वळेसर माळला नाही, हे माझ्या बायकोनं हेरलं.

भोंगे बसले. मागच्या पेटीत, गादीच्या दोन्ही बाजूंना, बरोबर मामींच्या कानांशी. पहिली सफर नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाची, मग फेरीबोटीनं दिवाडी बेटावर आणि तिथून पुढं पणजीला मामींच्या बहिणीकडं जेवायला. मामा-मामी त्यांच्या गाडीवर, मी आणि बायको आमच्या स्कूटरवर मागं. आवाज मात्र कबूल केला पाहिजे, असा खणखणीत की मागं राहूनही आम्हांला राजाचा श्वास ऐकू येत होता. मामी पाठ ताठ करून, तोंड मिटून बसल्या होत्या. त्यांनी भरून काढावं असं वाऱ्यानं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

दर्शन झालं. फेरीबोटीवर मामी उतरून कठड्यापाशी उभ्या राहिल्या, मामा गाडीवर बसूनच राहिले, तोंड दिवाडीकडं. बोट धक्क्याला लागली. मामांनी गाडी सुरू केली, नाटक सुरू केलं. वनवासाचा प्रवेश. मागून राणी कळवळून म्हणाली, "नाथ, मला एकटीला मागं टाकून आपण कुठं निघालात?" आणि मामा म्हणाले, "खंय टाकतंय गो तुका? चल, घट धर!" आणि निघाले! आमच्या डोळ्यांदेखत ती म्हशीएवढी गाडी धक्का चढून वळणापलीकडं दिसेनाशी झाली. मामी हातात प्रसादाची पिशवी घेऊन धक्क्यावर उभ्या.

मी म्हटलं, "मामी, हाक मारा ना!"

"कोणाक?" मामी म्हणाल्या. "तेंच्या मागं बायल आसा मां. बोलता आसा."

बायकोला मामींपाशी ठेवून मी स्कूटर पिटाळली. दिवाडीचा तो रस्ता शेतांमधून जातो, अरुंद, सरळ. दरबारी चालीनं चाललेले मामा मला लवकरच दिसले. मी हॉर्न मारला. त्यांना वाटलं मी आवाजाची तारीफ करतोय. त्यांनी अंगठा वर केला आणि आवाज आणखी वाढवला. मी अगदी मागं जाऊन ओरडणार, इतक्यात राणीचं लांबलचक भाषण सुरू झालं. "किती वर्षं मी आपल्या पावलांची वाट पाहत काढली. आपण आलात, आपण गेलात. मागं राहिलेलीनं काय करावं, हे आपण कधी विचारलंत का, नाथ?"

राजा काही बोलायच्या आधी मामा बोलले. पुढं बघतच, मोठ्यानं, कारण भोंग्यांवरून आवाज न्यायचा होता. "ठावक आसा गो माका. सोमवारी मी बशीक निघायचंय तेव्हा तू दारात उबी रवायचंस. मी कधी मागं वळान बघूक नाय. तुका वाटलां आसतलां, ह्येका काय नाय. पण बघितलंय आसतंय मां, तर बशीत चढलंयच नसतंय."

मी हॉर्नवरचा हात काढला. स्कूटर आपोआप हळू झाली. ते मी ऐकायचं नव्हतं. ज्यांनी ऐकायचं त्या मागं फेरीच्या धक्क्यावर उभ्या होत्या. मी अंतर ठेवून मागं चालत राहिलो, आणि पुढं जुन्या गोव्याच्या फेरीपाशी मामांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "उतर गो."

कोणी उतरलं नाही. मामांनी मागं हात नेला, गादी चाचपली. मग मान वळवली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की मी स्कूटर तशीच टाकून धावलो. "पडली!" ते म्हणाले. "अरे, पडली खंय ती?" मी म्हटलं, पडल्या नाहीत मामा, बऱ्या आहेत, नार्व्याच्या फेरीवरून तुम्ही त्यांना घेतलंच नाही. ते धक्क्याच्या कठड्यावर बसले.  राणी अजून रडतच होती, मी बटण शोधून तिला गप्प केलं. मग मामा अगदी लहान आवाजात म्हणाले, "मगे मी कोणाकडे बोललंय?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत या माणसानं एकदाच मन मोकळं केलं, आणि ते कुणापाशी तर पेटीपाशी.

पुढचं काय सांगू? आम्ही दोघं मागं फिरून त्या धक्क्यावर गेलो. मामी माझ्या स्कूटरवर बसल्या, बायको मामांच्या गाडीवर. पणजीच्या जेवणात मामी सगळ्यांशी बोलल्या, बहिणीच्या पोपटाशीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा म्हापशाला. फिटरनं विचारलं, आवाज बिघडला का आजोबा? "आवाज बरो आसा," मामा म्हणाले. "फार बरो आसा, म्हणान काढ." भोंगे निघाले, पण मामी काही बसेनात. "देवान दिल्ले ते कित्या काढलास?" एवढंच. मामा एकटेच गाडी घेऊन डिचोलीला जात, मासे घेऊन येत, पुढचे स्पीकरही बंद. रस्त्यावरचे गाडेवाले विचारायला लागले, राजा आजारी आहे का? मलाच बघवेना. घरात मांजराचं काम दुप्पट झालं होतं.

मामा वाटेत पेटीशी बोलत होते हे मामींना कळलं होतं, माझ्या बायकोच्या पोटात काही राहत नाही. एकदा मला एकट्याला गाठून मामींनी विचारलं, "काय म्हणत होते ते, तिका?" त्या 'तिका'त सवतीला द्यावा इतका राग होता. मी म्हटलं, "मामी, मी ऐकलंय. पण ते माझ्या तोंडून ऐकू नका, त्यांनाच विचारा." त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं, पदर खोचला आणि काजू फोडायला बसल्या. मामांनाही मी सुनावलं. म्हटलं, भोंग्याला सांगितलंत ते माणसाला सांगायला काय होतं? मामा माडाकडं बघत म्हणाले, "तोंड बघून सांगूक येना, जावयबापू."

मग शेजारच्या गावची जत्रा आली. आम्ही दोघंही लाटंबार्शाला गेलो होतो. मामांनी गाडी अंगणात काढली, मागची सीट धुतलेल्या फडक्यानं पुसली, सुरू केली आणि पुढं बघत बसून राहिले. हाक नाही, हॉर्न नाही. गाडी नुसती धडधडत उभी. सून खिडकीतून बघतेय, नातू बघतोय, मी चपलेचा पट्टा उगाच सोडतोय आणि लावतोय. पेट्रोलचा विचार करून माझा जीव खालीवर होत होता. किती तरी वेळानं मामी बाहेर आल्या, पायांत चपला अडकवल्या, मामांच्या खांद्याला धरलं आणि चढल्या.

आम्ही मागं निघालो. देवळाची चढण ओलांडली तशी मामांची गाडी हळू झाली. तीस, मग वीस, मग माझी स्कूटर पडायला येईल इतकी हळू. नाटक तर बंद होतं. मग मला दिसलं, मामांची मान किंचित कलली होती आणि या खेपेला मामी नव्हे, मामा बोलत होते. बराच वेळ बोलत होते. मग मामींनी त्यांच्या पाठीत धप्पकन एक गुद्दा घातला. चांगला जोरात, आवाज आम्हांला आला. आणि नंतर त्याच पाठीवर कपाळ टेकलं. माझी बायको माझ्या कानाशी म्हणाली, "पुढं काढा स्कूटर. आणि वळून बघाल तर याद राखा." मी पुढं काढली. वळून बघितलं नाही. बघावंसं फार वाटलं.

आता या वर्षी मामींचे गुडघे कुरकुरायला लागले आहेत. त्या उंच गाडीवर चढताना त्या दोनदा थांबतात, आणि मामा गाडी अशी कलती धरतात की एक दिवस दोघंही आडवी होणार अशी मला धास्ती वाटते. डॉक्टर तर म्हणतातच, गाडी विका आता. परवा मी धीर करून विचारलं, मामा, मामींना चढवेनासं झालं तर काय करणार? मला वाटलं, झालं, आता सीट खाली घेण्याबद्दल दोन तालुक्यांत विचारपूस सुरू होणार. पण मामा सोप्याच्या पायरीवर बसले होते, पाय अंगणात सोडून. त्यांनी आपल्या मागची वरची पायरी हातानं झाडली.

"मी हंय बसतलंय," ते म्हणाले, "आणि ती माज्या मागं थंय बसतली. रस्तो कित्याक होयो?"

आतून मामींनी विचारलं, "काय म्हणतहत ते?" मी म्हटलं, या आणि बसून बघा. त्या हात पुसत आल्या, गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश वरच्या पायरीवर टेकल्या, आणि मामांच्या खांद्यावरून अंगणाकडं बघत त्यांनी बोलायला सुरुवात केली.